गोदाम वाढलं, दिवाणजी तोच

२१ ऑगस्ट २०१४, गुरुवार. रात्री साडेदहाला हॉस्टेलच्या वॉचमनमामांचा फोन. "सर, पोरं खाली गोळा झाल्यात. नेट गेलंय म्हणत्यात. येताय न्हवं?"

कोल्हापुरात राजारामपुरीतून आमचं कॉलेज बारा किलोमीटर. श्रावणातली चिवट रिपरिप चालू होती. रेनकोट चढवला आणि वाटभर लाइन देणाऱ्या कंपनीला मनातल्या मनात शिव्या घालत गेलो. पोचून बघतो तर लाइन ठणठणीत, राउटरचे दिवे लुकलुकतायत. मेला होता तो प्रॉक्सी, सगळ्यांचं नेट ज्याच्या हातून जातं तो मधला दलाल. म्हणजे मशीन चालू, फक्त त्यातला हे काम करणारा स्क्विड नावाचा प्रोग्रॅम गायब. एक कमांड दिली, स्क्विड उठला, वीस-पंचवीस मिनिटं धापा टाकत चालला आणि मग सुरळीत झाला. पोरं वर गेली. मी कॅश.लॉग उघडला, म्हणजे स्क्विड स्वतःच्या नोंदी लिहितो ती फाइल. मरणाबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं.

हे विचित्र होतं. स्क्विड मरताना सहसा बोलून मरतो. 'फेटल' म्हणून एक ओळ टाकतो, सेगमेंटेशन फॉल्ट असेल, म्हणजे मेमरीत नको तिथं हात घातला असेल, तर 'रिसीव्ह्ड सेगमेंट व्हायोलेशन, डाइंग' असं स्वतःच्या हातानं लिहून ठेवतो. प्रोग्रॅममधली चूक असेल तर 'असर्शन फेल्ड' आणि शेजारी फाइलचं नाव, ओळीचा नंबर. आमच्या लॉगमध्ये दहा वाजून बारा मिनिटांची एक साधी ओळ होती आणि त्याखाली थेट मी चालू केल्याची 'स्टार्टिंग स्क्विड कॅश' ही ओळ. मधे काहीच नाही. मला तेव्हा वाटलं, लॉगमध्ये काही नाही म्हणजे शोधायलाही काही नाही. पुढचा महिनाभर याच गैरसमजानं मला फिरवलं.

आमचा बारदाना सांगतो. शहराबाहेरचं इंजिनिअरिंग कॉलेज, हॉस्टेलला सव्वातीनशे पोरं, दोन लॅब, आणि या सगळ्यांत मिळून २० एमबीपीएसची एक लाइन. एवढ्या पाण्यात सगळ्यांना आंघोळ घालायची म्हणजे प्रॉक्सी लागतोच. एकानं मागवलेलं पान, चित्र, अँटीव्हायरसचा अपडेट स्क्विड स्वतःकडे ठेवून घेतो आणि दुसऱ्यानं तेच मागितलं की बाहेर न जाता घरातून देतो. हा साठा म्हणजे कॅश. लॅबमधली साठ मशीन एकाच सकाळी अपडेट मागायला लागली की याची किंमत कळते. मशीन म्हणजे जोडणी केलेला साधा टॉवर, ४ जीबी रॅम, त्यावर सेंटओएस ६ हे लिनक्स आणि त्याच्यासोबत येणारा ३.१ मालिकेतला स्क्विड. दोन वर्षं त्यानं कधी कुरकूर केली नव्हती.

दुसऱ्यांदा मेला तो २६ ऑगस्टला, परत रात्रीच. मग मात्र निदानं करणाऱ्यांची गर्दी झाली.

रेक्टर सरांचं मत ठाम होतं: लाइट. "अहो, दिवसातनं चारदा लाइट जाते आपल्याकडं. झटका बसत असणार." मी त्यांना दाखवलं की मशीनचा अपटाइम, म्हणजे न थांबता चालू असल्याचा काळ, सलग आहे. पहिल्या रात्री तो ६८ दिवस होता. झटका बसला असता तर आख्खं मशीन रीस्टार्ट झालं असतं, एकटा स्क्विड कसा मरेल? ते म्हणाले, "ते कॉम्प्युटरचं तुम्ही बघा, पण बॅटऱ्या बदला." यूपीएसच्या बॅटऱ्या तशाही तीन वर्षं जुन्या होत्या. २७ तारखेला बदलल्या.

आणि क्रॅश थांबले! २९ ऑगस्टला गणपती बसले, ८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी झाली, सगळे दिवस प्रॉक्सी शांत. स्टाफरूममध्ये रेक्टर सर भेटेल त्याला बॅटरीची गोष्ट सांगत होते. मीही मनातून म्हटलं, असेल बाबा, व्होल्टेजचं काहीतरी. त्या दिवसांत हॉस्टेलवर माणूस नव्हतं, हे एवढं ढळढळीत सत्य आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही. गौरी-गणपतीला आजरा, चंदगड, राधानगरीकडची पोरं आपापल्या गावाला, आणि जी मागं राहिली ती मंडपात. ज्या दुकानात गिऱ्हाईकच नाही तिथं गल्ल्याचा घोटाळा कसा सापडणार?

११ सप्टेंबरला पोरं परतली होती. रात्री अकराला मामांचा फोन आला.

यानंतरचे सात दिवस मी भराभर सांगून टाकतो, कारण आठवलं की स्वतःचाच राग येतो. १३ तारखेला, शनिवारी, रात्रभर मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारा प्रोग्रॅम, चालवला. रॅमची काडी खराब असेल तर प्रोग्रॅम दरवेळी वेगळ्याच ठिकाणी कोसळतात, त्यामुळे ही शंका रास्त होती. सकाळपर्यंत एकही चूक निघाली नाही, उलट रात्रभर नेट बंद म्हणून पोरांनी माझ्या नावानं शिमगा केला. मग संशय आला फिल्टरवर. नको त्या साइट अडवायला स्क्विडसोबत स्क्विडगार्ड लावलेला होता आणि त्याच्या मदतनीस प्रोसेस पटापट मरायला लागल्या तर स्क्विडही 'हेल्पर फार वेगानं मरताहेत' असं म्हणून मान टाकतो. तो दोन दिवस बंद ठेवला. हॉस्टेलला ते दोन दिवस दिवाळीसारखे गेले असणार. स्क्विड तरीही १४ ला मेला आणि १६ ला परत मेला.

मधेच एक खरा आजार सापडला. कॅश.लॉगमध्ये खूप मागं फाइल डिस्क्रिप्टर संपत आल्याची सूचना होती. प्रत्येक जोडणीला, प्रत्येक उघड्या फाइलला एकेक डिस्क्रिप्टर लागतो आणि आमची मर्यादा होती १०२४. सव्वातीनशे पोरांच्या ब्राउझरपुढं १०२४ म्हणजे काहीच नाही. ती ८१९२ केली. सापडलं एकदाचं, म्हणून बायकोला फोनसुद्धा केला. त्यानं नेट जरा सुधारलं, पण मरण्याशी त्याचा संबंध नव्हता. डिस्क्रिप्टर कमी पडले की स्क्विड नवीन जोडण्या घ्यायला कुथतो, असा गुपचूप नाहीसा होत नाही.

आणि आता माझा खरा पराक्रम. १५ तारखेला मी कॅश मेमरीचा आकडा २५६ एमबीवरून ७६८ वर नेला. विचार असा की मेमरी कमी पडत असेल तर वाढवून द्यावी. हा आकडा म्हणजे स्क्विडनं एकूण किती रॅम खायची त्याची मर्यादा, असं मी तोवर धरून चाललो होतो. तसं नाही. सतत मागितल्या जाणाऱ्या वस्तू रॅममध्ये हाताशी ठेवायला जेवढी जागा द्यायची, तेवढाच तो आकडा. बाकीचा सगळा संसार त्याच्या बाहेर असतो. हे कळलं नंतर. त्या दिवशी मी बुडणाऱ्याच्या खिशात आणखी दगड भरत होतो.

१७ तारखेला थर्ड इयरचा एक मुलगा ऑफिसला आला. गडहिंग्लजकडचा, हुशार, जरा आगाऊ. म्हणाला, "सर, दर पाच मिनिटांनी बघायचं, स्क्विड नसला तर चालू करायचा. सहा ओळींची स्क्रिप्ट हाय. तुम्हाला रात्रीचं हेलपाटं नकोत." मला मोह आवरला नाही. क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या यंत्रणेत, टाकली. त्यानंतर मामांचा फोन बंद झाला, मी आठवडाभर नीट झोपलो, आणि प्राचार्यांना 'प्रश्न सुटला' असा निरोपही देऊन टाकला. तक्रारी फक्त एवढ्याच येत होत्या की नेट मधूनच अर्धा तास मरणाचं स्लो होतं. हॉस्टेलचं नेट स्लो आहे ही तक्रार कोण मनावर घेतो?

तो मुलगा मात्र मनावर घेणारा निघाला. त्यानं स्क्रिप्टमध्ये एक सातवी ओळ टाकली होती: चालू करावं लागलं की तारीख-वेळ एका फाइलमध्ये लिहायची. २४ सप्टेंबरला संध्याकाळी तो ती फाइल घेऊन आला. सात दिवसांत नऊ नोंदी. मी थंड पडलो. पण त्याचा प्रश्न वेगळाच होता.

"सर, ह्यातल्या चार पहाटेच्या हाईत. पावणेचार, चार. त्या टायमाला कोण वापरालंय नेट?"

मी कॅश.लॉगमध्ये त्या वेळा बघितल्या. नेहमीसारखीच शांतता. मग पहिल्यांदा, म्हणजे तब्बल महिन्यानंतर, स्क्विडचा लॉग सोडून मशीनचा स्वतःचा लॉग उघडला, व्हार-लॉगमधली मेसेजेस नावाची फाइल. पहाटे ३ वाजून ४४ मिनिटांची ओळ होती: 'आउट ऑफ मेमरी: किल प्रोसेस', पुढं कंसात स्क्विड, आणि मग 'ऑर सॅक्रिफाइस चाइल्ड'. किंवा पोराचा बळी द्या! पूल टिकावा म्हणून पायात माणूस पुरल्याच्या गोष्टी आजी सांगायची, तसला भास झाला. मुलगा हसायला लागला. मला हसू येत नव्हतं, कारण त्या ओळीशेजारी स्क्विडनं किती रॅम धरली होती तेही लिहिलेलं होतं: साडेतेहतीस लाख केबी. ४ जीबीच्या मशीनवर सव्वातीन जीबी एकटा स्क्विड.

लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, रॅम आणि स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) दोन्ही संपत आली की कुणाला तरी मारतो, आणि बहुतेक वेळा जो सगळ्यात जास्त खातोय त्यालाच धरतो. हे मारणं सिग्नल ९ नं, म्हणजे 'जागच्या जागी मर' या हुकमानं होतं. या सिग्नलची गंमत अशी की तो प्रोग्रॅमपर्यंत पोचतच नाही. शेवटचं दोन शब्द बोलायची सवलत नसते. म्हणून कॅश.लॉग कोरा. खून झालेल्या माणसाच्या डायरीत मी खुन्याचं नाव शोधत बसलो होतो.

आणखी एक खूण पहिल्या दिवसापासून समोर होती. स्क्विड दोन प्रोसेसमध्ये चालतो, एक बाप आणि एक पोर. काम पोर करतं. ते कोसळलं तर बाप दुसरं उभं करतो, त्यामुळे साधा क्रॅश झाला तर प्रॉक्सी आपोआप परत उभा राहतो. पण पोर सिग्नल ९ नं गेलं तर बाप समजतो की हे कुणीतरी जाणूनबुजून मारलंय, आणि तोही गाशा गुंडाळतो. आमचा स्क्विड दरवेळी मेला तो मेलाच राहायचा, मला बारा किलोमीटर जाऊन उठवावा लागायचा. तो परत का उठत नाही, हा प्रश्न मी एकदाही स्वतःला विचारला नाही. मेसेजेसच्या फाइलमध्ये बापानं प्रत्येक वेळी इमानानं लिहून ठेवलं होतं, 'चाइल्ड प्रोसेस एक्झिटेड ड्यू टू सिग्नल ९'. २६ ऑगस्टपासूनच्या सगळ्या नोंदी होत्या. २१ तारखेची तेवढी नव्हती, कारण चालू फाइल सोडली तर मागच्या चारच आठवड्यांच्या फाइली राहतात.

तर मारेकरी सापडला. पण स्क्विड एवढा फुगला कशानं? दोन वर्षं त्याच ४ जीबीत तो सुखानं नांदत होता. मेमरी लीक, म्हणजे घेतलेली मेमरी प्रोग्रॅम परतच करत नाही, असं म्हणून सोडून द्यायचा विचार क्षणभर आला. लीक हा शब्द सोयीचा असतो, दोष सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याच्या माथी जातो. तेवढ्यात मुलानं स्क्विडक्लायंट या कमांडनं स्क्विडच्या माहितीचं पान काढलं. त्यात एक ओळ होती, डिस्कवर साठवलेला माल: २१० जीबीच्या वर. वस्तूंची संख्या: १ कोटी ६० लाखांच्या पुढे.

तिथं माझी ट्यूब पेटली. जूनमध्ये, १४ तारखेला, आम्ही डिस्क बदलली होती. जुनी १६० जीबीची काढून १ टीबीची टाकली, आणि कॅशची मर्यादा ४० जीबीवरून ६०० जीबी केली. डिस्क मोठी, कॅश मोठी, म्हणजे नेट फास्ट, असं माझं साधं गणित. प्राचार्यांसमोर मिरवलंही होतं. अकाउंट्सच्या मॅडमना बिल पास करताना सांगितलं, "कॅश भरली की वेग वाढतो." त्या म्हणाल्या, "कॅश भरली तर चांगलंच की हो, आमच्याकडं कधी भरत नाही."

गोची अशी आहे. डिस्कवर ठेवलेल्या प्रत्येक वस्तूची एक नोंद स्क्विड रॅममध्ये बाळगतो. म्हणजे कुणी पान मागितलं की 'आहे का आपल्याकडे' याचं उत्तर डिस्क न उचकटता मिळावं. एक वस्तू सरासरी १३ केबीची धरली तर १ जीबीत ऐंशी हजार वस्तू होतात, आणि स्क्विडची मंडळी हिशेब देतात तो असा: ६४ बिट मशीनवर डिस्कच्या दर जीबीमागे साधारण १४ एमबी रॅम.

आमचे आजोबा मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर दिवाणजी होते. गोदामात कुठल्या थप्पीला कुणाचे रवे आहेत ते त्यांना तोंडपाठ असायचं. मालकानं गोदाम पंधरापट वाढवलं आणि दिवाणजी तोच ठेवला तर? पहिले दोन महिने काही होणार नाही. गोदाम अजून रिकामंच आहे. दिवाणजी कोसळेल तो माल भरत आल्यावर, आणि तेव्हा गोदाम कधी वाढवलं होतं हे कुणाच्या लक्षातही नसेल.

मेसच्या कुपनामागे मांडलेलं गणित अजून माझ्याकडे आहे. जुने ४० जीबी गुणिले १४ म्हणजे ५६० एमबी, आरामात मावणारे. आताचे २१० जीबी म्हणजे २,९४० एमबी. त्यात माझ्या हुशारीचे ७६८ एमबी हळूहळू भरत जाणार. वर जोडण्या, फिल्टरच्या प्रोसेस, खुद्द ऑपरेटिंग सिस्टिम. आणि कॅश पूर्ण ६०० जीबी भरली असती तर ८,४०० एमबी, मशीनच्या एकूण रॅमच्या दुप्पट. म्हणजे १४ जूनला आकडा टाकतानाच मरण नक्की झालं होतं, फक्त तारीख बाकी होती. शिवाय रीस्टार्टनं पोट रिकामं होत नव्हतं. उठल्यावर स्क्विड डिस्कवरचं नोंदवहीचं बाड वाचून सगळ्या नोंदी परत रॅममध्ये भरायचा. तीच ती अर्ध्या तासाची धाप, आणि तेच पोरांचं 'मरणाचं स्लो'.

पहाटेचं कोडंही सुटलं. पहाटे तीननंतर सिस्टिमची रोजची कामं चालतात. त्यात सार्ग दिवसभराचा लॉग चाळून रिपोर्ट बनवायचा, आणि अपडेटडीबी सगळ्या डिस्कवरच्या फाइलींची यादी करायचा. अपडेटडीबीला स्क्विडचं नेहमीचं फोल्डर वगळायला मुळातच सांगून ठेवलेलं असतं. आम्ही नवीन डिस्कसाठी कॅश दुसऱ्या फोल्डरला नेली, ते नाव त्या यादीत घालायचं राहिलं. त्यामुळे रोज पहाटे तो दीड कोटीच्या वर फाइली मोजत बसायचा, आणि काठावर उभ्या असलेल्या मशीनला तेवढा धक्का पुरायचा. मारला जायचा मात्र स्क्विडच, कारण अंगानं तोच मोठा.

त्या रात्री तिथंच बसलो. मामांनी चहा आणला, मुलानं खोलीवरून चिवडा. कॅशची मर्यादा १०० जीबी केली, कॅश मेमरी परत २५६. नुसता आकडा कमी केला तर स्क्विड जुना माल हळूहळू टाकत बसतो, त्याला किती दिवस लागले असते कोण जाणे. म्हणून स्क्विड थांबवला, जुन्या फोल्डरचं नाव बदलून बाजूला ठेवलं, नवीन रिकामं फोल्डर करून त्यात स्क्विडची रचना उभी केली आणि चालू केला. दोन मिनिटांचं काम. जुनं फोल्डर पुसायला मागं सोडलं, अगदी खालच्या प्राधान्यानं, म्हणजे पोरांना त्रास नको. दीड कोटीवर फाइली पुसणं हा काय प्रकार असतो ते तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणापर्यंत ते चालूच होतं.

मोठ्या डिस्कचा फायदा झाला होता का, तेही बघितलं. जवळजवळ नाही. पोरं जे पुन्हा पुन्हा मागतात ते पहिल्या काही जीबीतच असतं. पुढच्या प्रत्येक जीबीत एकदाच मागितलेला आणि परत कुणी न विचारलेला माल भरत जातो. त्यातून फेसबुकनं २०१३ मध्येच सगळ्यांसाठी एचटीटीपीएस केलेलं, म्हणजे पोरांचं निम्मं लक्ष जिथं, तिथला माल बंद पाकिटात आमच्या दारावरून जातो; तो उघडता येत नाही आणि ठेवताही येत नाही. प्रॉक्सीवर आता किती पैसे घालायचे, यावर माझं आणि प्राचार्यांचं तेव्हा एकमत झालं नाही. मी म्हणत होतो की लाइन वाढवा. त्यांनी ४ जीबीची आणखी एक काडी मंजूर केली, ती दिवाळीनंतर शाहूपुरीतून आणली.

दुसऱ्या दिवशी मुलानं विचारलं, "सर, ती स्क्रिप्ट ठेवू का काढू?" काढली. सातवी ओळ तेवढी ठेवली: स्क्विड नसला तर उठवायचा नाही, फक्त मला मेसेज करायचा.

खंडेनवमीला लॅबमध्ये मशीनची पूजा असते. मामांनी झेंडूचा चांगला हातभर हार आणला होता. प्रॉक्सीच्या टॉवरला हळद-कुंकू लावलं आणि हार नेमका मागच्या जाळीवर अडकवला.

"मामा, तिथं नको. पंखा आहे त्यो."

"मग कुठं घालू?"

"यूपीएसवर घाला," रेक्टर सर मागून म्हणाले. "बॅटऱ्या नव्या हाईत."